मामांच्या उशीवरून दिसलेला टीव्ही

आमचा जुना टीव्ही पेटीसारखा होता. कोपऱ्यातलं अख्खं टेबल त्यानं अडवलं होतं. कडाव गावी शेताच्या बांधावरून पडून सासरे कमरेपासून अधू झाले आणि त्यांची खाट बाहेरच्या खोलीत आली, तेव्हा जागाच उरली नाही. मग माझ्या नवऱ्यानं कर्जतहून सपाट एलसीडी टीव्ही आणला. वजनाला हलका, वीज कमी खातो, चित्र थरथरत नाही, असं दुकानदारानं सांगितलं होतं. ते खरंच निघालं. दारातून ऊन आलं तरी काच पूर्वीसारखी चकाकत नसे.

आमच्याकडे भिंतीवर जे लावायचं ते उंच लावतात. वाडवडिलांच्या तसबिरी वाशांखाली ओळीनं आहेत. त्याच ओळीत टीव्ही लावला. शेजारचे बघायला आले. उभ्यानंच मान वर करून म्हणाले, "काय चित्र हाय! माणूस समोर उभा असल्यावानी." मीही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघितलं. सासऱ्यांना मी मामा म्हणायची, पण त्यांच्यासमोर कधी बसले नव्हते.

मामा तरुणपणी कबड्डी खेळलेले. पडून राहिल्यावर सामने बघणं एवढाच त्यांचा विरंगुळा होता. पण नव्या टीव्हीवर सामना लागला तेव्हा ते म्हणाले, "सगळं काळंच दिसतंय रं. चढाईला कोण आलाय ते कळंना."

"एवढं लख्ख दिसतंय की, बाबा," नवरा म्हणाला.

"मंग माझं डोळंच गेलं. कंबर गेली, आता डोळं. बंद कर तो."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. जेवणही कमी झालं. ताट तसंच परत यायचं.

एका सकाळी नवरा त्यांना उचलून मागच्या पडवीत अंघोळीला घेऊन गेला. मी चादर बदलत होते. टीव्ही चालूच होता. उशीचा अभ्रा घालताना खाली वाकून सहज वर पाहिलं, तर पडद्यावरच्या बाईचा चेहरा काळवंडलेला. मी दार लोटलं आणि मामांच्या उशीवर डोकं ठेवलं. सगळी माणसं काजळी धरल्यासारखी दिसली. उठून उभी राहिले, तर तीच माणसं उजळ झाली.

खालून पाहिलं की चित्र काळं पडतं, असं नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "इंजिनियर झालीस काय गं?"

"तुमी निजून बघा."

मामा अजून पडवीत उन्हाला होते, तोवर तो खाटेवर आडवा झाला. मग शेजारून पाना मागून आणला आणि खाटेवरून समोर दिसेल इतका टीव्ही खाली घेतला. शेजारीण म्हणाली, "एवढ्या खाली? पोरं हात लावतील की!"

"लावू दे," तो म्हणाला.

संध्याकाळी सामना लागला. मामांनी आधी डोळे उघडलेच नाहीत. मग आवाज वाढला तसे बघू लागले. एकदम म्हणाले, "घोटा धर, घोटा!" डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं.

"कुणाच्या ध्यानात आलं हे?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दारातच होते. पदर सावरून म्हणाले, "मी तुमच्या उशीवर डोकं ठेवून पाहिलं, मामा."

मला वाटलं, रागावतील.

"मंग तितं कशाला उभी? आता उभ्यानं नीट दिसायचं नाय. बस हितं."

मी खाटेजवळ खाली बसले. पुढे प्रत्येक सामन्याला बसत गेले. कोण चढाईला आलाय, हे मामा मला शेवटपर्यंत ओळखून सांगत होते.