सत्तावीस नंबरचा पिंजरा

एक साहेब, दोन डॉक्टर आणि पिंजऱ्यांच्या दोन रांगा एका बंगलीत नांदल्या की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपले साठत जातात, पत्ता न लागता, लिव्हरमध्ये चरबी साठते तसे. आमच्या बैठकीत कुणी ना कुणी म्हणतंच, "बाई, तुमच्या वसईच्या गमती सांगा." सांगते. तुम्ही खुशाल हसा, पण मी हसेन अशी अपेक्षा ठेवू नका. मला त्यातल्या एकाही गमतीवर अजून मनापासून हसता आलेलं नाही.

दारूबंदी नवी होती तेव्हाची गोष्ट. आमच्या साहेबांनी किल्ल्याजवळ, पाचूबंदरच्या वाटेवर एक बंगली भाड्याने घेतली. लिव्हरमध्ये चरबी का साठते, ते शोधायचं होतं. उत्तर साहेब मुंबईहून येतानाच सोबत घेऊन आले होते. दारू! आता उरलं होतं फक्त संशोधन. त्यासाठी मी आणि गोगटे असे दोन नवे डॉक्टर त्यांनी हाताशी घेतले.

*

पहिल्याच आठवड्यात साहेब बंदरावर पाहणीला निघाले. अंगात कोट, पायांत बूट. लोकांना वाटलं, दारूबंदीवालेच आले! "काय पिता?" असं विचारलं की जो तो सांगायचा, "पानी." एक म्हातारा तर उभ्या उभ्या डुलत होता. तोही म्हणाला, "पानीच, साह्येब."

"मग पाय का लटपटतात?"

"हीर लांब हाय ना. पानी आनून आनून पाय गेलं!"

साहेबांनी त्याच्याबरोबर सगळ्या बंदराला खोटारडं ठरवून टाकलं. ते मत पुढे कधी बदललं नाही.

*

आमचे पिंजरे धुवायला पाचूबंदरची आग्नेस यायची. नवरा होडीवर. तिची रोझी दोन वर्षांची होती. पाय सुजलेले, केस तांबूस पडलेले आणि पोट हे एवढं. हात लावला की लिव्हर बरगडीखालून खाली उतरलेलं स्पष्ट लागायचं. पोरगी रडायचीसुद्धा नाही, नुसती बसून राहायची. मी तिला साहेबांसमोर नेलं. मला वाटलं, आता तरी साहेब विचारात पडतील.

साहेबांनी पोट दाबलं आणि आग्नेसला विचारलं, "हिला ताडी पाजतेस का गं?"

आग्नेसने पोरीचा फ्रॉक खाली ओढला. मग म्हणाली, "साह्येब, तिला दूद मिलत नाय, ताडी कुटली? पाठीवर भाव झाला, दूद त्यानं पलवलं. ही पेजेवर हाय."

साहेबांनी कागदावर लिहिलं, "आई माहिती लपवते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

*

उंदरांना पाजायला दारू हवी, म्हणून परमिट काढायला गोगटे कचेरीत गेला. गोगटे माणूस सरळ. कारकुनाने विचारलं, "पिणाऱ्याचं नाव?"

"नाव नाही. उंदीर आहे."

"वय?"

"तीन महिने."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "तीन महिन्यांच्याला परमिट मिळत नाही!"

शेवटी परमिट साहेबांच्या नावावर निघालं. बाटली यायची पूर्ण, उंदरांपर्यंत पोचायची अर्धी. मधली अर्धी कुठे जायची, ते विचारायची आमची टाप नव्हती. दुसऱ्या दिवशी साहेब बंदरावर जाऊन लोकांना दारूचे दुष्परिणाम समजावून सांगायचे.

*

दोन्ही रांगांतल्या उंदरांना खायला नुसता भात. डाव्या रांगेच्या पाण्यात दारू, उजव्या रांगेला साधं पाणी. दिवस भरले, उंदीर कापले. डाव्यांचं लिव्हर पिवळं, चरबीने भरलेलं. साहेब खूष! मग उजवे कापले. तेही पिवळेच.

मग साहेब गरजले, "हे चोरून प्यायले!"

दोन रांगांच्या मध्ये फळ्या ठोकल्या. नवे उंदीर आणले. पुन्हा भात, पुन्हा पिवळं लिव्हर. आता साहेब म्हणाले, "वास! नुसत्या वासानेसुद्धा होतं."

गोगटे माझ्या कानाशी पुटपुटला, "मग साहेबांचंही कापून बघायला हवं."

दारू न पिता, नुसता भात खाऊन उंदराचं जे झालं होतं, तेच रोझीचं झालं होतं. आंधळ्यालाही दिसावं. दिसत नव्हतं ते फक्त साहेबांना.

*

त्यांनी रोझीला औषध दिलं नाही, पथ्य दिलं. मासे बंद, दूध बंद, पेज आणि साखर. लिव्हरला विश्रांती म्हणे! आग्नेस कधीमधी सुक्या बोंबलाचा एखादा तुकडा कुसकरून तिच्या पेजेत घालायची, तोही बंद झाला.

मी भांडले. म्हटलं, "साहेब, नुसत्या भातावर उंदरांचं काय झालं ते आपण पाहिलंय!"

"बाई, उंदीर वेगळा आणि माणूस वेगळा. एवढं तरी शिकला असाल."

पुढल्याच आठवड्यात मुंबईहून दोन पाहुणे आले. साहेब त्यांना पिंजरे दाखवत म्हणाले, "आतून पाहाल तर उंदीर आणि माणूस एकच!"

*

गोगटेने हट्टाने डावी रांग मागून घेतली. दारू बंद केली आणि नव्या उंदरांना भाताबरोबर दुधाची पावडर सुरू केली. पावडरीचे डबे मुंबईहून आले, कपाटभर. यथावकाश एकेक उंदीर कापला. लिव्हर तांबडंलाल, तुकतुकीत!

मी धावतच साहेबांकडे गेले. "दोन डबे द्या. रोझीसाठी. पोरगी हातची जाईल."

"डबे प्रयोगासाठी आलेत."

"मग ती प्रयोगच आहे असं समजा!"

"नंबर असलेल्या जनावरालाच दूध मिळेल. नियम आहे. उद्या गावातली सगळी पोरं आणून बसवाल इथे."

मी दरवाजा आपटून बाहेर आले. आग्नेस उंबऱ्याशी पिंजरा घासत होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने वर पाहिलं नाही. घासत राहिली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईचे पाहुणे परत आले. साहेब पुढे, पाहुणे मागे, आम्ही दोघं सगळ्यांत मागे. साहेब डावी रांग दाखवत चालले होते. गोगटेची रांग आता साहेबांची झाली होती. बोलता बोलता ते अचानक थांबले.

रांगेत एक पिंजरा रिकामा होता. त्याच्यासमोर जमिनीवर धुतलेला फ्रॉक घालून रोझी बसली होती, सुजलेले पाय पसरून. गळ्यात सुतळी आणि सुतळीला पिंजऱ्याचा पत्र्याचा बिल्ला. सत्तावीस.

"हे काय चाललंय?" साहेब ओरडले.

आग्नेस भिंतीला टेकून उभी होती. पदर सावरून पुढे आली. आवाज मुळीच चढला नाही.

"साह्येब, सत्तावीस नंबर तुमी काल कापला. त्याची जागा खाली हाय. तितं हिला घ्या. तुमी म्हनाल तितके दिस दूद पाजा." मग ती माझ्याकडे वळली. "बाई, तुमी साह्येबांना येवढंच सांगा, मागनं हिला कापू नका."