ओलेटाआत्याच्या रायफलीचं तेल

माझी ओलेटाआत्या आमच्या डोंगरात शाळेची बस चालवते आणि तिच्याइतकं टापटीप माणूस अख्ख्या केंटकीत नाही, शप्पथ! होबार्टकाका गेल्यापासून दर रविवारी चर्चमधून आली की त्यांची पॉइंट बावीसची, छोट्या गोळीची सेमी-ऑटोमॅटिक रायफल मांडीवर घेणार, रिकामी आहे ना बघणार, आणि तेल पाजणार. भरपूर. काकाही असंच करायचे.

आणि तीच रायफल अडकायची! फायर स्टेशनच्या मैदानात दरवर्षी नेमबाजी असते, दोरीला टांगलेले अक्रोड फोडायचे, बक्षीस हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली अख्खी तंगडी. आत्याच्या चार गोळ्या झाल्या की खट्, झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी आतच. लगेच तिचा दीर ड्यूई ओरडणार, "वहिनी, या बंदुकीने शिकार करशील तर खारी म्हाताऱ्या होऊन मरतील गं!"

यंदा तर त्याने तिच्या भिंतीत खिळाच ठोकला. "परत अडकली तर इथे टांगायची. शोभेला. कबूल?"

"कबूल!" आत्या रागात बोलून गेली आणि तो गेल्यावर रडली. "होबार्टची बंदूक शोभेला? किती खारींचा रस्सा खाल्लाय आम्ही तिच्या जिवावर!"

नेमबाजीच्या आदल्या दिवशी मी मक्याचा पाव करायला बिडाच्या तव्यावर धबाधबा तेल ओतलं. आत्या खेकसली, "अगं, चिकट होईल तो! लावायचं आणि पुसून काढायचं..." तव्याकडे बघते, रायफलीकडे बघते.

रिकामी करून उघडली तर आत नुसता काळा चिखल! गोळ्यांवरचं मेण, दारूची काजळी आणि आमचं रविवारचं तेल. पुंगळी बाहेर फेकायला मागे जाणारा बोल्ट सरकणार कसा? पुंगळी ओढणाऱ्या आकड्याखालची घाण आत्याने टूथपिकने कोरून काढली, सगळं कोरडं पुसलं, तेल एकच थेंब. मग मागच्या टेकाडावर दोन-तीन प्रकारच्या गोळ्या मारून बघितल्या. कमी जोराच्या गोळ्यांवर बोल्ट पूर्ण मागे जाईना, जोरकस गोळ्यांवर मस्त चालली.

"होबार्टसारखीच आहे," आत्या म्हणाली. "मिळमिळीत काही चालत नाही."

दुसऱ्या दिवशी मैदानात ठक ठक ठक! एक गरम पुंगळी उडून थेट ड्यूईच्या बीन्सच्या वाटीत. एकदाही अडकली नाही!! दोन अक्रोड चुकले, हॅम ड्यूईनेच जिंकलं, पण नाचली आत्याच.

संध्याकाळी ड्यूई हॅम काखेत घेऊन दारात. "वहिनी, खिळा काढून नेतो."

"राहू दे. टोपी टांग त्याला आणि जेवायला बस. आण ते हॅम, कापते."