चार वाजेपर्यंतचा दाखला

कृषी पदवीचं शेवटचं वर्ष संपवून मी घरी आले तेव्हा आमच्याकडे दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. माजलगावच्या धरणात नुसता गाळ दिसत होता. त्या पाण्याच्या भरवशावर लावलेला ऊस लोकांनी जनावरांना घातला होता. आई दोन म्हशी आणि एक गाय घेऊन तेलगावच्या बाजूला चारा छावणीत राहायला गेली होती. घरी मी आणि अण्णा दोघंच.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या दूध सोसायटीचे सचिव होते. दुधाचं माप घेणारा माणूस ऊसतोडीला गेला तो तिकडेच कामाला राहिला, त्यामुळे केंद्र उघडणं, माप घेणं, दुधाची फॅट मोजणं सगळं अण्णाच करायचे. बहुतेक जनावरं छावणीत गेलेली. ज्या काकू-मावश्यांनी एखादं जनावर घरी ठेवलं होतं त्या तांब्या-दोन तांब्या दूध घेऊन यायच्या. सकाळी दूध संघाची गाडी ते गोळा करायला यायची. एक कॅनसुद्धा धड भरत नव्हता. या गावाची फेरी परवडत नाही, अशी दोन पत्रं संघाकडून येऊन गेली होती. अण्णा दर वेळी जाऊन हात जोडून येत.

कृषी अर्थशास्त्राकडे मी वळले ती या सोसायटीमुळेच. शेवटच्या वर्षी गावात राहून अभ्यास करायचा होता तेव्हा मी केंद्रावर येणाऱ्या बायकांना विचारलं होतं, खाजगीवाला दारात येऊन दूध नेतो, मग तुम्ही इथं का घालता? एका म्हातारीनं सांगितलं, "हितं माप तुझ्या बापाच्या हातात हाय, म्हून." ते वाक्य मी अहवालात जसंच्या तसं लिहिलं. आमच्या सरांनी त्याखाली रेघ मारली आणि म्हणाले, "तू एम.एस्सी.ला अर्थशास्त्र घे." तोवर असा काही विषय आपल्यासाठी असतो हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

एम.एस्सी.च्या अर्जासोबत एक पानभर लिहायचं होतं, हाच विषय का. मी लिहिलं की दुष्काळी भागातल्या दूध सोसायट्यांनी चांगल्या वर्षी स्वतःचा चारा साठवून ठेवला पाहिजे. लिहून झाल्यावर ते पान मी तीन-चारदा वाचलं. मला ते फार आवडलं होतं.

अडलं ते नॉन-क्रिमीलेयर दाखल्यापाशी. तो नसेल तर राखीव जागेत नाव लागत नाही, आणि खुल्या यादीत माझे गुण पुरत नव्हते. तीन आठवड्यांपूर्वी अर्ज दिला होता. दर दोन दिवसांनी मी तालुक्याच्या कचेरीत जाऊन उभी राहायचे. तिथला लिपिक काही वाईट माणूस नव्हता. त्यानं फाईल काढून दाखवली.

"ताई, हे बघा, तुमचा कागद हितंच हाय. फकस्त सही न्हाई. साहेब टँकर बघायला गेलेत."

दुसऱ्या खेपेला साहेब छावणीवर गेलेले. तिसऱ्या खेपेला जिल्ह्याला बैठक. रागवावं तरी कुणावर? साहेब ज्या टँकरसाठी फिरत होते त्यातला एक आमच्या गावात येत होता. त्याच पाण्यानं अंघोळ करून मी कचेरीत आले होते.

मग मुलाखतीचं पत्र आलं. दाखला अजून तसाच पडलेला. अण्णा म्हणाले, "तू जा. सही मी आनतो. साहेबाला आठाच्या आत गाठावं लागतं, एकदा गाडीत बसले की सापडत न्हाईत."

"आन् केंद्र?"

"एक सकाळ बंद राहील. त्याला काय हुतंय."

मी आदल्या दिवशीच विद्यापीठात पोचले आणि वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या खोलीवर राहिले. मुलाखतीला समोर तिघं होते. मधल्या सरांनी माझं पान हातात धरलं होतं.

"चारा साठवायचा म्हणता. चांगल्या वर्षी सभासद सोसायटीसाठी चारा राखून ठेवतील?"

"ठेवायला पाहिजे, सर."

"पाहिजे ते झालं. ठेवतील का?"

आमच्या गावातलं एकेक घर डोळ्यांपुढं आलं. कुणाच्या दारात कडबा शिल्लक राहिला की तो बाजारात कसा जातो ते मी लहानपणापासून बघत होते. "सांगता येत नाही, सर," एवढंच तोंडातून निघालं. त्यांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

बाहेर प्रवेश विभागातल्या बाबूनं सांगितलं, राखीव यादीत तुमचं नाव बसतंय, पण दाखला चार वाजेपर्यंत हवा. फॅक्स चालेल.

विद्यापीठाच्या फाटकासमोर एसटीडी बूथ होता, तिथं फॅक्सही होता. तालुक्याच्या कचेरीजवळच्या झेरॉक्सवाल्याचा नंबर मी लिहून आणला होता. एक वाजता लावला. त्यानं अण्णांना हाक मारून आणलं.

"साहेब भेटले का?"

"सकाळी गाडीत बसतानाच धरलं. म्हणले, आल्यावर करतो. कुठं गेलेत ते कुनालाच ठावं न्हाई."

"जेवलात का?"

"तू फोनजवळच थांब," अण्णा म्हणाले.

तीनला पुन्हा लावला. झेरॉक्सवाला म्हणाला, "तुमचे वडील कचेरीच्या पायरीवरच बसलेत. बोलावू का?" मी नको म्हणाले. बोलून काय होणार होतं?

चार वाजता मी वरच्या मजल्यावर प्रवेश विभागात गेले. बाबू दहा मिनिटं थांबला, मग म्हणाला, "मॅडम, मला यादी पुढं द्यावी लागते." त्याचंही बरोबरच होतं. फॅक्स आला सव्वापाच वाजता. सही अगदी ठळक उमटली होती. तो कागद घेऊन मी पुन्हा वर गेले, तर फलकावर यादी लागलेली आणि खोलीला कुलूप.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावात उतरले. शेजारच्या काकू रस्त्यातच भेटल्या. प्रवेशाचं त्यांनी विचारलं नाही.

"काल दुधाची गाडी आलती. आमी भांडे घेऊन उभ्या, अन् केंद्राला कुलूप. डायवर म्हणला, तसं बी हितं दूध न्हाई, मी वर सांगतो. आज गाडी आलीच न्हाई. तुझ्या अण्णानं उन्हं वर आल्यावर आमाला घरी लावून दिलं."

अण्णा केंद्रात फॅट मशीन पुसत होते. मी दारात उभी राहिले.

"अण्णा, गाडी माझ्यामुळं बंद झाली का?"

"बंद व्हनारच होती. आज न्हाई तर पंधरा दिसांनी." त्यांनी फडकं पिळलं. मग म्हणाले, "निदान तवा मी हजर असतो."

 त्यानंतर अण्णा संघाकडे दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा तेच उत्तर मिळालं. आठ-दहा दिवसांनी खाजगीवाल्यानं केंद्रासमोरच्या चौकात आपलं माप मांडलं. काकू मला विचारत, "तू एवढी शिकलीस, सोसायटी परत चालू व्हईल का?" अर्जासोबतच्या त्या पानाची प्रत मी पेटीच्या तळाशी ठेवून दिली. ज्या म्हातारीचं वाक्य मी अहवालात घातलं होतं तीही आता त्याच्याकडंच दूध घालायची. मला बघितलं की पदर पुढं ओढून निघून जायची, जणू तिचंच काही चुकलं होतं.

पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज केला. दाखला वेळेत मिळाला आणि प्रवेशही. मार्गदर्शकांनी विषय विचारला तेव्हा मी कापसाचा बाजार घेतला. सुट्टीत घरी आल्यावर अण्णांना सांगितलं.

"दुधावर न्हाई घेतलं का?"

"न्हाई."

"बरं," ते म्हणाले, आणि आईला चहा टाकायला सांगितला.