पार्ट माझ्याच मशीनवरचा

व्हॉट्सॲपवर आलेलं काही दाखवायला कुणी मोबाइल पुढं केला की भाऊ चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "बॅच कुठली?"

आमच्या चाकणच्या कंपनीत बिघडलेला पार्ट सापडला, की बॅच नंबरावरून मागं मागं जात तो कुठल्या मशीनवर बिघडला ते शोधायचं, हे भाऊंचं काम. ही खोड कंपनीच्या बसमध्येही सुटायची नाही. तुला हे कुणी पाठवलं? त्याला कुणी? त्यानं स्वतः पाहिलं का? दाखवणारा बिचारा रडकुंडीला यायचा. आम्ही हसायचो, पण तुम्हाला म्हणून सांगतो, मनातून टरकूनही असायचो.

काळेवाडीत आमच्या स्टॉपजवळ एक मावशी इडलीची गाडी लावायच्या. लातूरकडच्या, नवरा अंथरुणाला खिळलेला, सगळं घर त्या गाडीवर. एकदा व्हिडिओ फिरला. कुणी बाई इडलीच्या पिठात धुण्याची पावडर मिसळतेय, चेहरा दिसत नाही. खाली लिहिलेलं, 'काळेवाडीची इडलीवाली, सावधान!' दोन दिवसांत गाडीपुढं चिटपाखरू उरलं नाही.

"दादा, मी कामून असं करीन? माझी लेकरं बी हेच खातेत," मावशी ज्याला त्याला सांगायच्या. लोक मान वळवून बसमध्ये चढायचे. मीही त्यातलाच.

भाऊ पेटले. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत एकेकाला गाठून त्यांनी फोन उघडायला लावले. मग एका सकाळी चालत्या बसमध्ये दांड्याला धरून उभे राहिले.

"सापडलं," ते म्हणाले. "पार्ट माझ्याच मशीनवरचा आहे."

झालं होतं असं, की तो व्हिडिओ भाऊंना कुठल्याशा पाहुण्यानं पाठवला होता. त्यांनी तो बसच्या ग्रुपवर टाकून विचारलं होतं, 'आपल्या काळेवाडीची इडलीवाली तर नाही ना ही? कुणी खात्री करा.' मग ते विसरूनही गेले होते. पुढच्यानं प्रश्न गाळला आणि काळेवाडी ठेवली.

"जाऊ द्या ना भाऊ, तुम्ही नुसतं विचारलं होतं," मी म्हणालो.

"विचारायचं तर तिला विचारायचं. वीस पावलांवर उभी होती राव!"

त्यांच्या जागी मी असतो, तर गुपचूप मेसेज पुसून मोकळा झालो असतो. कुणाला पत्ताही लागला नसता. इतका मोठा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते मावशींपुढं हात जोडून उभे राहिले आणि सगळं सांगितलं.

"मग आधी खाऊन बघायचं की, दादा," मावशी एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून भाऊ रोज लवकर येऊन गाडीशी इडली खात उभे राहायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "तो व्हिडिओ खोटा. माझ्यामुळं पसरला." काही जण तोंडावर हसायचे. हळूहळू एकेक माणूस थांबायला लागला.

आता भाऊ रिटायर होऊन साताऱ्याकडं गावी गेलेत. मला मात्र एकच सकाळ आठवते. गाडीपुढं इतकी रांग होती, की भाऊंचा नंबर येण्याआधीच बस सुटली. मी खिडकीतून हाका मारल्या. भाऊ रांग सोडायला तयार नव्हते. शेवटच्या नंबरावर उभे राहून, डोळे पुसत, हातानंच खुणावत होते, जा, तुम्ही जा.