ओल्या पावलाचं माप

मी चौथी शिकलेली, शहापूर तालुक्यातल्या आटगावची. आधीच सांगते, असल्या गोष्टी मी मानत नाही. आम्ही धर्मांतर करून बौद्ध झालो तेव्हा माझ्या सासऱ्यांनी घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. तेव्हापासून आमचा उंबरा कधी भगत चढला नाही. कोणी म्हणालं चिंचेवर बाई दिसली, तर मी म्हणते, मग तिला भातलावणीला बोलवा, माणसं कमी पडतात.

तरी हे लिहिते आहे... कारण मला उत्तर पाहिजे.

रतन माझा एकुलता मुलगा. कारखान्यात फिटर होता. २००३ साली कंपनीने त्याला ट्रेनिंगला जपानला पाठवलं. दर रविवारी शेजारी फोन यायचा. एका रविवारी आला नाही. तिथल्या पोलिसांना एका धरणाच्या काठावर त्याची पिशवी मिळाली. माणूस मिळाला नाही. सगळे म्हणाले बुडाला. तानसाच्या पाण्यात लहानपणापासून पोहणारा पोरगा, आणि बुडाला!

वर्ष होत आलं तेव्हा माझा धाकटा भाऊ शांताराम मुरबाडहून आला.

"बाय, आता जलदान करून टाक. सून तरणी हाय. तिला किती दिस बांधून ठेवशील?"

जलदान म्हणजे आमच्यात मेलेल्या माणसासाठी करतात तो विधी.

"मढं बघितल्याशिवाय नाय," मी म्हटलं.

"मढं मिळायचं नाय गो."

"मग जलदान पन नाय."

आमच्या विहारात एक जपानी भंते यायचे. त्यांनीच खटपट करून मला तिकडे नेलं. पोलिसांकडे गेले, कारखान्यात गेले. सगळ्यांनी वाकून नमस्कार केले, बाकी काही नाही. परत निघायच्या आदल्या दिवशी मी रतनने तिकडून पाठवलेला शेवटचा फोटो पुढे केला. एका मोठ्या लाकडी दरवाज्यापुढे उभा होता. म्हटलं, इथे न्या.

ती सामुराईंची शाळा निघाली. सामुराई म्हणजे त्यांचे जुने तलवारवाले शिपाई, त्यांच्या पोरांची शाळा. मूळची लढाईत जळाली, ही हल्ली तशीच्या तशी पुन्हा बांधलेली. भूत राहायला जुनं घर लागतं म्हणतात. इथे लाकूड अजून पिवळं होतं. सोबत तिथेच राहणारी एक मराठी बाई होती, बोलणं सांगायला. दारात चपला काढल्या. त्या चपला रतननेच जाण्याआधी शहापूरच्या बाजारातून आणलेल्या. मी बाजारात जात नसे, म्हणून त्याने दोऱ्याने माझ्या पावलाचं माप नेलं होतं. आमच्याकडे तसंच नेतात.

आत मागच्या बाजूला दगडी तलाव होता. बाई म्हणाली, "आजी, इथे मुलांना अंगावर चिलखत घालून पोहायला शिकवायचे." मला त्या पाण्याकडे बघवेना. दुपार होती, कोरडं ऊन, आमच्याशिवाय कोणी आलेलं नव्हतं. मी मागे वळले...

तलावाच्या काठापासून लाकडी ओसरीवर ओली पावलं उमटलेली होती. आम्ही आलो तेव्हा नव्हती. उघडी पावलं, मोठ्या माणसाची. डाव्या पायाला चार बोटं.

रतनच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती. राबासाठी, म्हणजे भातरोपांची जमीन भाजायला, झाडाचे टहाळ तोडताना कोयता पायावर बसला होता.

झाडणारी म्हातारी फडकं घेऊन कुरकुरत आली. बाईने सांगितलं, "ती विचारतेय, पाण्यात कोण उतरलं?" म्हणजे तिलाही दिसत होती. ती पुसायला वाकली तशी मी तिचा हात धरला. "पुसू नको, बाई." मराठीतच म्हटलं. ती थांबली.

"आजी, कोणीतरी पर्यटक असेल हो."

"चार बोटांचा?"

पावलं दारापर्यंत गेली होती. शेवटची दोन माझ्या चपलांपाशी, जोडीने, बाहेर तोंड करून. पुढे वाळूत काही नाही. पावलं कडेने वाळत चालली होती. विहारात मनगटाला दोन वेढे देऊन बांधलेला पांढरा दोरा मी तोडला, पावलावर ताणला, गाठ मारली. तेवढ्यात पाऊल वाळून गेलं.

घरी आल्यावर तो दोरा रतनच्या जुन्या चपलेवर धरला, टाचेच्या खड्ड्यापासून अंगठ्याच्या खड्ड्यापर्यंत. बरोबर बसला.

"बाय, तुझ्या मनाचे खेळ हाय ते," शांताराम म्हणाला.

"मनाने दोरा आखूड-लांब होतो काय रे?"

मग दोरा त्यानेही धरून बघितला.

सुनेला मी अडवलं नाही. तिने दुसरं घर केलं, बरं केलं. जलदान मात्र मी अजून केलेलं नाही, आणि मला आता फार दिवस नाहीत. माझ्यामागे ते कोणी करायचं, की करायचंच नाही, हे मला सांगून जायचं आहे.

बुडाला असेल, तर पाण्यातून चालत बाहेर कसा आला? आणि जिवंत असेल, तर माझ्या चपलांपाशी येऊन, त्या ओळखून, थांबला कसा नाही?

कोणाला ठाऊक असेल तर सांगा. समजूत काढू नका.