लोणारच्या पाण्यात समुद्रफूल

मी नवऱ्याकडे बदली मागितली होती. त्यानं मला समुद्र द्यायचं ठरवलं.

माझं माहेर तळकोकणातलं. मागच्या पडवीतून उतरलं की वाळू आणि वाळू संपली की पाणी. आमचे हे सडकेचे ओव्हरसियर, मूळचे लोणारचे. नवं राज्य झालं आणि सरकारनं वऱ्हाडातली माणसं कोकणात, कोकणातली वऱ्हाडात अशी उलटापालट केली, तेव्हा आमच्या बंदराकडे येणारा रस्ता बांधायला हे आले नि आमच्या शेजारच्या खोलीत राहिले. बांगड्याचा काटा घशात अडकवून डोळे पांढरे करणारा हा माणूस माझ्या वडिलांना कसा पसंत पडला, देव जाणे. मला मात्र आवडला होता, खोटं कशाला बोलू!

लग्नाला वर्ष होतं न होतं तोच लोणारला सासरे गेले. सासूबाई एकट्या पडल्या. ह्यांनी मेहकरकडची बदली घेतली आणि मला म्हणाले, "दोन वर्सं फक्त. मायले सवय झाली का परत तुह्या समुद्रावर." ती दोन वर्षं केव्हाच उलटली. वडील गेले, तेव्हाही मी वेळेवर पोचले नाही. सासूबाईंचे गुडघे धरले होते आणि त्या घर सोडून कुठे जाणार नव्हत्या. त्या वाईट असत्या ना, तर बरं झालं असतं. भांडून तरी निघता आलं असतं. पण ती म्हातारी माझ्या ताटात आपली भाकरी मोडून घालायची.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला तळ्याच्या काठावर नेलं होतं. "पाह्य वं पोरी, हाय का नाही समुंदर? आता काऊन करमणार नाही तुले?" मी खाली पाहिलं. खोल खड्ड्यात हिरवं पाणी, लाट नाही, होडी नाही, वर येणारा वास नाकात झोंबणारा. मी विचारलं, मासे कुठले मिळतात इथं? तर म्हणाल्या, "मासे कुठचे राह्यतील माय? खारं पाणी हाय ते!" मी खो खो हसले. त्यांना वाईट वाटलं. काय चुकलं ते त्यांना कळेना आणि मलाही सांगता येईना.

मग एका उन्हाळ्यात माझ्या थोरल्या भावाचा निरोप आला. त्याला मुंबईत नोकरी लागली होती, आईला घेऊन तो तिकडे जाणार होता. समुद्रावरचं घर रिकामं पडणार. तुम्ही दोघं येणार असाल तर ठेवतो, नाही तर दिवाळीला विकून टाकतो, असं त्यानं कळवलं होतं. मी त्या दिवशी ह्यांच्या ताटात पहिली भाकरी टाकली नि विचारलं, "बदलीचा अर्ज कधी करताय?" हे जेवले, हात धुतला, पंच्याला पुसला, आणि म्हणाले, "पाहू."

आमच्या घरात पाहू म्हणजे नाही. मला ते ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. पुढल्या रविवारी हा माणूस सकाळच्या गाडीनं खामगावला गेला आणि संध्याकाळी एसटीच्या टपावरून काचा उतरवून घेऊ लागला. जाड, पलंगाएवढ्या लांब काचा, कापसात गुंडाळलेल्या. कंडक्टर शिव्या देत होता. मी दारात उभी. "हे काय?" "तुह्यासाठी," म्हणाले. "घरात समुद्र करतो. मुंबईले काचेच्या पेटीत ठेवतात तसा. जिते मासे, ते तू सांगतं ना, दगडावरचं फूल, ते पण."

मला इतका संताप आला की पाणीसुद्धा दिलं नाही त्यांना. काच पाहिली आणि कळलं, हेच उत्तर. मी परत जायचं म्हणत होते आणि हा माणूस मला इथंच ठेवायची तजवीज करत होता. तोंडानं एकदा नाही म्हटलं असतं तर मी चार दिवस रडले असते नि गप्प बसले असते. पण नाही म्हणायची छाती नाही ना! म्हणून काचा.

महिनाभर ओसरीवर तेच. लोहारानं लोखंडी सांगाडा करून दिला. काचा बसवल्या, सांध्यांत लांबी भरली, तरी पाणी झिरपायचं. तेव्हा आमच्या ओव्हरसियरसाहेबांनी काय करावं? सडकेचं डांबर आणून सांध्यांना ओतलं. रस्त्याच्या माणसाला दुसरं काय सुचणार? ट्रकच्या टायरची जुनी ट्यूब सायकलच्या पंपानं फुगवायची, तिला रबरी नळी जोडायची आणि नळीचं तोंड पाण्यात सोडायचं, म्हणजे माशांना हवा. ट्यूब एका कोपऱ्यात फुसफुसत बसायची आणि सासूबाई तिला म्हणायच्या, "चूप बस वं माय, झोपू दे."

राग होता तरी मी बघत होते. खालची वाळू त्यांनी चारदा धुतली. दगड रचले, मोडले, पुन्हा रचले, आणि मला विचारलं, "असंच राह्यते ना तिकडं?" मी म्हटलं, तिकडं दगड काळे नसतात, तांबडे असतात. दुसऱ्या दिवशी कुठून तरी तांबडे दगड आले. अशा माणसावर किती दिवस रागावायचं? एका दुपारी मीच ट्रंकेतून माझे शिंपले काढले आणि वाळूत मांडले.

खरं सांगते, मनात मी एक ठरवून टाकलं होतं. समुद्रातला एक जरी जीव इथं जगला, तर मीही जगेन. मग घराचं नाव काढणार नाही. कुणाला बोलले नाही. पण त्या पेटीवर माझा सगळा जीव लागून राहिला होता.

राहता राहिलं पाणी. मी समजत होते की पाणी दादा आणेल. दादा नारळी पौर्णिमेला येणार होता, तसं कळवलंही होतं. पण त्या पावसात बोटी बंद. कोल्हापूर, पुणं, औरंगाबाद, जालना अशा गाड्या बदलत येणारा माणूस डबाभर पाणी आणेल तर पुष्कळ. हे हसले. "वेडी का काय? पाण्याच्या काठावर राहून पाणी कायले आणायचं?" आणि खाली तळ्याकडे बोट दाखवलं.

मी म्हटलं, अहो, त्यात मासा नाही.

"कुणी सोडलाच नाही, म्हून नाही," हे म्हणाले. "खारं पाणी ते खारं पाणी. तुह्या समुद्रात मीठ हाय, ह्याच्यातबी हाय. सोडल्याशिवाय कसे होतील मासे?"

आता कुणीही हसेल. पण अख्खं लोणार तेच म्हणालं. ज्यानं त्यानं मान डोलावली, की खरंच की, आपल्या बापजाद्यांपैकी कुणी सोडून पाह्यलंच नाही! तेव्हा कुणाला ठाऊक की खारेपणातही जात असते! ह्यांनी कावडीवाले लावले आणि त्या चढावरून तळ्याचं पाणी वर आलं. त्यात विहिरीचं मिसळलं. चव घ्यायचं काम माझं, कारण समुद्र चाखलेली घरात मी एकटी. ओंजळ पुढं करायचे, "झालं काय?" मी जिभेला लावायची. खारट होतं, पण मागून कडू लागायचं आणि जीभ बुळबुळीत व्हायची. साबणाचं पाणी तोंडात गेलं की होतं तसं. मी म्हणायची, नाही, हे नाही. की हे मिठाचा खडा टाकायचे. पुन्हा ओंजळ. पुन्हा नाही. शेवटी म्हणाले, "दोन-चार दिवस मुरू दे, लोणच्यासारखं लागून जाईल."

दादा पौर्णिमेच्या सकाळी उतरला. पाठ मोडलेली, डोळे लाल. पण रॉकेलचा डबा, वर ओलं फडकं बांधलेला, त्यानं सगळी वाट मांडीवर धरून आणला होता. फडकं सोडलं आणि तो वास आला. मी तिथंच भुईवर बसले आणि डब्यात तोंड घालून रडले. दादा म्हणाला, "बाय, रडतंस कित्या? बघ तरी काय हाडलंय." बोटाएवढे पट्ट्यापट्ट्यांचे मासे, काही मेलेले, बाकीचे जिवंत. एक खेकडा. आणि एका दगडाला धरून मिटून बसलेलं समुद्रफूल, नावाला फूल पण जिवंत प्राणी. लहानपणी मी त्यात बोट घालायची नि ते बोट चोखायचं.

दादानं पेटीतलं पाणी चाखलं नि थुंकला. "भावोजी, हे समुद्राचं पाणी न्हय."

"खारं हाय ना, दादा," हे म्हणाले.

दादा माझ्याकडे पाहू लागला. दुसरा इलाज नव्हता. डब्यातलं पाणी दिवसभरात नासलं असतं, आणि ओसरीवर आळी जमली होती. बायका लेकरं कडेवर घेऊन आल्या होत्या. सासूबाईंनी पेटीला हळदकुंकू वाहिलं. माझ्या माहेरी ह्या दिवशी समुद्राला नारळ देतात. चार वर्षांत मला नारळ द्यायला जागाच नव्हती, हे ह्यांनी कधीतरी ऐकून ठेवलेलं. मुद्दाम नारळ आणला होता. मी तो पाण्यात सोडला. लाट असती तर त्याला आत घेऊन गेली असती. इथं तो तरंगला आणि काचेला टक्‌ टक्‌ आपटत राहिला. पोरं हसली. मीच हात घालून तो बाहेर काढला.

मग ह्यांनी मासे सोडले. ट्यूब फुसफुसली, बुडबुडे आले, आणि पट्टे झळकत मासे वर-खाली पळाले. आळीनं टाळ्या वाजवल्या. "अबब! पाह्य कसे नाचून राह्यले!" दादा माझ्या कानाशी म्हणाला, "नाचत नाय, बाय. तडफडतत." जेवणं होईपर्यंत सगळे पोट वर करून तरंगत होते. आळी हळूहळू उठून गेली. जाताना एक बाई पुटपुटली, नजर लागली.

समुद्रफूल मात्र तिसऱ्या प्रहरी उघडलं. खरंच उघडलं! हे ओरडले, "अवं, पाह्य, फुललं!" मी धावत आले. सासूबाई गुडघे धरत आल्या. ते पसरलं होतं, पण पाकळ्या कशा ताठ असाव्यात, तशा नव्हत्या. मी बाही वर करून आत बोट घातलं. त्यानं बोट धरलं नाही. हात बाहेर काढला तर बोटाला चिकट तार आली. मी ह्यांना सांगितलं, मेलंय ते. ह्यांना पटेना. अंधार पडेस्तोवर हे पंप मारत बसले होते. ट्यूब फुगवायची, हवा जायची, पुन्हा फुगवायची. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "राहू दे आता, बापू." तेव्हा कुठे पंप खाली ठेवला.

राहिला खेकडा. तो लोखंडी पट्टीवर चढून बसला होता, पाण्यात उतरायला तयार नव्हता. खाली पडला की पुन्हा चढायचा. जन्मात मासळीला हात न लावलेल्या माझ्या सासूबाईंनी पदरानं त्याला उचलला आणि डब्यात, तळाशी उरलेल्या दादाच्या पाण्यात ठेवला. "ह्याले तरी घरी धाडा," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दादा निघाला. स्टँडवर त्यानं मला बाजूला घेतलं. "बाय, येतंस काय माझ्यावांगडा घराक?" मी मागं पाहिलं. हे रॉकेलचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे होते आणि फडकं पुन्हा पुन्हा ओलं करत होते. मी दादाला म्हटलं, तू जा. गाडी सुटताना ह्यांनी खिडकीतून डबा आत दिला. "फडकं वाळू देऊ नका, दादा. पोचला का कळवा."

ती पेटी रिकामी ओसरीवर पडून राहिली. मी अर्जाचं पुन्हा विचारलं नाही, ह्यांनीही काढलं नाही. सगळं नीट चाललं होतं, म्हणजे दोघांपैकी कुणीच काही बोलत नव्हतं. आणि मला काय व्हायचं, की भाकरी थापता थापता मध्येच तो खेकडा आठवायचा. आता कोल्हापूर. आता घाट उतरला असेल. आता वाळूत सोडला असेल दादानं. बस, तेवढंच एक बरं वाटायचं.

दिवाळीला दादा ओवाळणी घेऊन आला. घर विकलं होतं. त्यानं ते सांगितलं, मी ऐकलं, चहा ठेवला. मग हे बाहेरून आले, चपला काढल्या न काढल्या आणि पहिलं विचारलं, "दादा, तो खेकडा पोचला काय हो?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायला त्याला कधीच जमलं नाही. "तो जालन्याकच मेलो, भावोजी. स्टँडाच्या मागं टाकलंय."

हे मागे फिरले. ओसरीवर जाऊन त्या पेटीपाशी उभे राहिले, काचेवरून हात फिरवला. मी चहा घेऊन गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले वाटलं होतं, तुम्हा दोघांतलं एक तरी घरी जाईल."

चहा निवला. त्या वर्षीची ज्वारी आम्ही त्याच पेटीत भरली, काचेमुळे उंदीर लागत नाही म्हणून.