“काकू, फोटो बेकार काढा न”

वरोऱ्यात आजोबांनी स्टुडिओ टाकला तेव्हापासून आमच्या घरी एकच धंदा: माणूस आहे त्याहून बरा दाखवणं. आजोबांनंतर कॅमेरा बाबांकडे आला. आई बारीक पेन्सिलीनं निगेटिव्हवर लोकांच्या सुरकुत्या बुजवायची. पुढे कॉम्प्युटर आला आणि ते काम माझ्याकडे आलं. बाबा लग्नांच्या शूटिंगला गेले, की स्टुडिओत आईचं राज्य.

अशाच एका दिवशी जवळच्या खेड्यातले एक शेतकरी मुलीला घेऊन आले. स्थळासाठी फोटो हवा होता. तिला बसवून ते बियाणं बघायला बाजारात गेले. त्यांची पाठ वळताच मुलगी म्हणाली, “काकू, फोटो बेकार काढा न.”

“काऊन वं?”

“मले आताच लगन नाई करायचं. नर्सिंगचा फॉर्म भरून राह्यली.”

उभ्या आयुष्यात आईला अशी ऑर्डर मिळाली नव्हती. ती एकदम खुलली. तेल लावून मुलीचे केस चप्प बसवले, लाइट खालून मारला. उरलीसुरली कसर मी भरून काढली: डोळ्यांखाली सूज, नाकाला जरा रुंदी. बापाला एसटी गाठायची होती. त्यांनी फोटोचं पाकीट न उघडताच पिशवीत टाकलं.

आठ दिवसांनी मुलगी एकटीच धापा टाकत आली. “काकू, त्याइनं पसंत केलं मले! म्हणे, पोरगी गरीब दिसते, उलटून बोलणार नाई.”

आईनं कपाळावर हात मारला. मग तिला उभं केलं. हाताची घडी, मान ताठ. “समोर सासू हाये असं समज,” म्हणाली. मुलीनं असं काही बघितलं, की मी त्या फोटोला हातही लावला नाही. आधीचा नीट आला नव्हता असं घरी सांगून तिनं हा पाठवायला लावला. चौथ्या दिवशी निरोप आला: पोरगी तेज दिसते, आमच्याकडे निभणार नाही.

पावसाळ्यात बापलेक पुन्हा आले. तिला चंद्रपूरला प्रवेश मिळाला होता, होस्टेलसाठी पासपोर्ट फोटो पाहिजे होते.

“बाई, मांगच्या टाइमले पोरीचे डोये काऊन सुजले होते?” बापानं विचारलं.

“लाइटचा फॉल्ट होता, भाऊ.”

मी कॉम्प्युटरच्या आड तोंड लपवलं. त्यांनी एकदा आईकडे, एकदा मुलीकडे बघितलं. मग पिशवीतून टोपी काढून डोक्यावर नीट बसवली. “आता आमचा दोघायचा एक काढा. चांगला.”

मुलीला हसू आवरेना, म्हणून तो जरा हललेलाच आला. त्यांनी तोच नेला.